चौथ्या ट्रॉम्बोनचा दम

काका नकाशांच्या कचेरीत आरेखक होते आणि आयुष्यात त्यांनी एकही वाद्य हातात धरलं नाही. तरी व्हायोलिन-चेलोच्या चौकडीसाठी लिहिलेलं जुनं संगीत चार ट्रॉम्बोनसाठी, म्हणजे फुंकून वाजवायच्या लांब पितळी वाद्यांसाठी, बसवून देण्याचं काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. कारण विचारलं तर म्हणायचे, दादाकडे ट्रॉम्बोन आहे. दादा म्हणजे माझे बाबा. चौथा, सर्वांत खालच्या सुरांचा ट्रॉम्बोन त्यांचा, दुसरा माझा. उरलेले दोन एका दंतवैद्याचे आणि त्याच्या मेव्हण्याचे.

पहिल्याच कामात काका तोंडघशी पडले. तारेवर गज फिरवणाऱ्याला दम लागत नाही, फुंकणाऱ्याला लागतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. अकरा पानांत श्वास घ्यायला एक जागा नाही. दंतवैद्य जांभळा पडला. तेव्हापासून काका स्वतः श्वास रोखून लिहू लागले. स्वर संपेपर्यंत सोडायचा नाही. आल्या-गेल्याला काकू सांगायची, घाबरू नका, लिहिताहेत.

पुढे बाबांची छाती कमजोर झाली. काका चकार शब्द न काढता जिन्यात त्यांच्या मागून चढायचे आणि ते कितव्या पायरीला थांबतात ते मोजायचे. पायऱ्या घटल्या की बाबांच्या पानावरचे स्वर घटायचे आणि मेव्हण्याच्या पानावर वाढायचे. मेव्हण्याला वाटलं, आपली प्रगती होतेय.

बाबांच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांचं पान जवळजवळ कोरं झालं होतं आणि वार्षिक कार्यक्रमाला नऊ दिवस होते. सरावाच्या खोलीत त्यांनी ते पान काकांपुढे ठेवलं.

"मला काढायचं असेल तर तोंडावर सांग."

काका म्हणाले, संगीताचीच तशी गरज आहे. खोटं बोलण्यात काका पहिल्यापासून कच्चे. बाबांनी बजावलं, की मूळ संगीतात चेलोला जो चोवीस मात्रांचा एकच लांब स्वर आहे, तो तसाच अखंड मिळाला तरच वाजवीन, नाहीतर ट्रॉम्बोन विकून टाकीन. मला रडू आलं. तो स्वर त्यांना झेपणार नाही हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, बहुधा त्यांनाही.

काकांनी मुकाट्यानं स्वर परत लिहिला. मग आम्हा तिघांना दंतवैद्याच्या दवाखान्यात बोलावून सांगितलं, की त्या स्वरावर आलात की कागदाकडे बघू नका, दादाच्या खांद्यांकडे बघा. खांदे पडले की सगळ्यांनी थांबायचं, उचलले की सुरू करायचं.

कार्यक्रमात चौदाव्या मात्रेला बाबांचे खांदे पडले. आम्ही तिघं तिथल्या तिथं थांबलो. सभागृह चिडीचूप. बाबांनी आमच्याकडे पाहिलं, सावकाश श्वास भरून घेतला आणि आम्ही चौघं एकदम सुरू झालो. नंतर एक बाई मुद्दाम येऊन सांगून गेल्या की मधली शांतता फार आवडली.

बाबा ट्रॉम्बोन पुसत बसले होते. काका शेजारी येऊन उभे राहिले.

"मूळ संगीतात ही जागा नाही," बाबा म्हणाले.

"लिहिणाऱ्याला भाऊ नसेल," काका म्हणाले.

बाबांनी पेटी बंद केली आणि पुढचा सराव कधी आहे ते विचारलं.