आत्याच्या हातची बिस्किटं

माझ्या धाकट्या बहिणीला सगळी गल्ली आत्या म्हणते. माझ्या मुलाची ती आत्या. त्याचं ऐकून त्याचे मित्र म्हणू लागले, मग मित्रांचे आईबाप. आता तिच्याहून वयाने मोठी माणसंही म्हणतात. तिच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण मला जमेल असं वाटत नव्हतं. अजूनही फारसं वाटत नाही.

ती जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होती. डॉक्टर सुई टोचत तेव्हा कुत्र्याला धरून ठेवायचं, हे तिचं मुख्य काम. त्याला ताकद लागत असेल, असं मी एकदा म्हणालो. "ताकद कसली, दादा? त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं पाहिजे," ती म्हणाली. त्यासाठी ती घरून बिस्किटं भाजून न्यायची. कणीक, उकडलेला भोपळा आणि कोंबडी शिजवलेलं पाणी. मी एकदा चुकून चहाबरोबर दोन खाल्ली होती. बरी लागली, फक्त अळणी.

नोकरी संपली तरी कुत्रेवाले बिस्किटं मागायला घरी येत राहिले. दोन दुकानांनीही पाकिटं ठेवली. पण पीठ मळून मळून तिची मनगटं धरली. तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "आत्या, व्हाइट लेबल करून घे. माल कारखान्यात बनतो, वर नाव आपलं लावायचं. सगळे तसंच करतात."

गावाबाहेर असा कारखाना होता. मालकाने नमुन्यांचा ट्रे पुढे ठेवला. तिने वास घेतला, मोडून पाहिलं, चावून पाहिलं आणि एक निवडलं. "हे माझ्याच्या जवळपास आहे." तोच माल आणखी काही कंपन्यांच्या पाकिटांतही जात होता. तिच्या पाकिटावर माझ्या मुलाने छापून आणलं : आत्याच्या हातची बिस्किटं.

"अरे, पण माझा हात कुठे लागतोय याला?" तिने विचारलं.

"असंच लिहितात गं. वाचणाऱ्यालाही कळतं ते."

पण ते तिला टोचत राहिलं. दुकानात कोणी विचारलं, "अजून घरीच करता?" की ती नुसती हसायची आणि कुत्र्याचं नाव विचारायची. तिच्या मालाचा घाणा निघायचा त्या दिवशी मात्र ती हटकून कारखान्यात जायची आणि ट्रेमधलं एक बिस्किट खायची. निदान तेवढं तरी.

"आत्या, गिऱ्हाईक कुरकुरत नाही, तुम्ही कशाला त्रास घेता?" मालक चिडवायचा.

"तुमचं गिऱ्हाईक फक्त शेपूट हलवतं, मालक. म्हणून."

एकदा मीही बरोबर गेलो होतो. तिने बिस्किट चावलं आणि चावायची थांबली. दुसरं उचललं. मग म्हणाली, "यात कांदा आहे."

कांद्याने कुत्र्याचं रक्त खराब होतं. हिरड्या पांढऱ्या पडलेली कुत्री तिने दवाखान्यात पाहिली होती.

मालकाने एक बिस्किट तोंडात टाकलं. इतकी वर्षं बनवत होता, पण खाल्लं बहुधा पहिल्यांदाच. "मला तर पुठ्ठ्यासारखं लागतंय," तो म्हणाला. मीही खाल्लं. मलाही काही कळलं नाही, आणि तिच्या बाजूने बोलताही आलं नाही.

"मसाल्याची पूड बदललीत का?"

"बदलली. पण कागदावर कांदा कुठे आहे? नुसतं 'स्वाद' लिहिलंय."

"मग विचारा त्यांना. तोवर माल थांबवा."

"बाकीच्यांचा कालच गेला. कोणी ब्र काढला नाही. तुमच्या एका जिभेवर कारखाना बंद करू?"

तिने आपला माल घेतला नाही. परतताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. "माझी चूकही असेल, दादा," ती म्हणाली. "पण तोच माल दुसऱ्या कंपनीच्या नावाने आपल्या दोन्ही दुकानांत माझ्या पाकिटांशेजारी बसलाय. तो ठेवू नका असं सांगायचं, तर मला कसं कळलं हेही सांगावं लागेल. म्हणजे मी भाजत नाही, हेही."

"नाही सांगितलंस तर?" मी विचारलं. भित्र्या माणसाला असलेच प्रश्न सुचतात. बस थांबली तशी ती घराकडे न वळता दुकानांच्या रस्त्याला लागली.

पहिलं दुकान एका बाईंचं. आत्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बाईंनी शेजारी मांडलेली त्या कंपनीची पाकिटं खाली काढली. मग आत्याचीही काढली.

"ही जुनी आहेत, यांत काही नाही," आत्या म्हणाली.

"असेल. पण आत्या, मी लोकांना छातीठोक सांगत होते, की मनगटाला पट्टा बांधून बाई स्वतः भाजते. आता काय सांगू?"

बाईंनी पाकिटं पिशवीत भरून दिली.

दुसरा दुकानदार मोठ्याने हसला. "अहो, एवढी पाकिटं काय एका बाईच्या हातून होतात? आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. बसा, चहा घ्या." त्यानेही कंपनीची पाकिटं उचलली, आत्याची मात्र राहू दिली.

मला हायसं वाटलं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बघ, एवढं काही झालं नाही."

तिचा चेहरा उतरला होता. "म्हणजे मी हसून वेळ मारून न्यायचे, तेव्हा हा मनात हसत होता," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मालकाचा फोन आला. मसाल्याच्या नव्या पुडीत कांदा होता, थोडाच. त्याने माल परत मागवला आणि जुनी पूड पुन्हा सुरू केली. नव्या पाकिटावर तिने कारखान्याचं नाव घालून घेतलं. मालकाला ते आवडलं नाही, पण त्या वेळी तो नाही म्हणू शकला नाही. दुसऱ्या दुकानदाराने नवी पाकिटं न वाचताच मांडली.

पहिल्या बाई अजून माल घेत नाहीत. तरी आत्या त्या रस्त्याने गेली की त्यांच्याकडे डोकावते. बाई मोजकंच बोलतात. मी एकदा वैतागून म्हणालो, "कशाला त्यांच्या पायऱ्या झिजवतेस? तो दुसरा चहा पाजतो, तिकडे बस ना."

"त्याने माझं कधी खरं मानलंच नव्हतं, दादा," ती म्हणाली. "हिने मानलं होतं."