आमसुली रंगाची गाडी

गाडीचा रंग ठरवायला मला दोन महिने लागले. लग्न ठरवायला एक दुपार पुरली होती, हे बायकोने त्या काळात निदान दहा वेळा ऐकवलं.

मी कापडवाला माणूस, पण ग्रे कापडवाला. भिवंडीत लूमवर जे निघतं त्याला ग्रे म्हणतात, म्हणजे कोरं, बिनरंगाचं कापड. रंग चढतो तो पुढे, प्रोसेसवाल्याकडे. तिथे आमचा संबंध संपतो. वडिलांनी निजामपुऱ्यात चार लूमवर सुरुवात केली, मी ते वाढवले, आणि आता त्यातले निम्मे भंगारात घालून बसलोय. गाडीचा पैसा लूमचा नव्हताच. पूर्णा गावात आमचं भातशेत होतं, तिथे आता गोडाऊन उभं आहे. त्याचं भाडं घरबसल्या येतं. घाम न गाळता येणाऱ्या पैशाची मला सवय नव्हती, म्हणून असेल, डोक्यात एकदम स्पोर्ट्‌स कार शिरली.

भिवंडीत स्पोर्ट्‌स कार. आता बोला. कंटेनरच्या रांगेत, खड्ड्यांत, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून हा माणूस जाणार कुठे, असं ज्याने त्याने विचारलं. मलाही उत्तर येत नव्हतं. पण हौस होती आणि वय बावन्न झालं होतं. अजून थांबलो असतो तर गाडीतून उतरताना कुणीतरी हात द्यायला लागला असता.

मुंबईच्या शोरूममध्ये मला एका मोठ्या पडद्यासमोर बसवलं. सेल्समन बोटाने गाडी गरागरा फिरवायचा आणि विचारायचा, सर, चाकं कुठली? ब्रेकचे कॅलिपर काळे की लाल? सीटबेल्टचा रंग? सीटबेल्ट रंगीत मिळतो हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. लेदरचे तुकडे समोर आले तेव्हा मात्र मी घरच्या अंगणात आलो. अंगठा आणि बोटात धरून चोळून पाहिले, उलटे केले, ताणले. शिलाईच्या दोऱ्याचा काउंट, म्हणजे जाडीचा नंबर, विचारला तर बिचारा आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. सीट, दोरा, चाकं, स्टीअरिंग, सगळं एका बैठकीत झालं. अडलं ते बाहेरच्या रंगावर.

लाल सगळ्यांकडे असतो. पिवळा बघून मला जेसीबी आठवला. निळा बायकोला आवडला, म्हणून मला आवडला नाही. ग्रे म्हणून राखाडी दाखवला तेव्हा मी हात जोडले, म्हटलं, बाबा रे, हेच बघत म्हातारा झालो. दुसऱ्या खेपेला गेलो, तिसऱ्या खेपेला गेलो. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "सर, यातला नको असेल तर तुम्ही नमुना आणा. कागद, टाइल, कपडा, काहीही चालेल. कंपनी त्याच रंगाचा पेंट बनवून देते. वेळ लागतो, पण होतं."

तो कपडा म्हणाला आणि मला आईची आमसुली साडी दिसली.

वडिलांचे चार लूम स्वतःचे झाले तेव्हा त्यांनी ती रेशमी साडी दादरहून आणली होती. माझ्या लहानपणी घरात जिकडे तिकडे कोऱ्या कापडाचे तागे आणि कापसाची धूळ. भिंतीसुद्धा पांढऱ्या दिसायच्या. त्यात आई ती साडी नेसून गौरीपुढे बसली की मी बघत राहायचो. सावलीत काळपट वाटायची, आणि उजेड पडला की आमसूल पाण्यात टाकल्यावर सुटतो तसा लाल. मोहरीच्या रंगाचा काठ. वडील गेल्यावर आईने ती नेसायचं थांबवलं नाही. कुणी बोललं तर म्हणायची, त्यांनी आणलेली हाय, मी न्हाय नेसायची तर कोन नेसंल.

आईला विचारायला हवं होतं. सरळ, समोर बसून. पण विचारलं असतं तर आधी तिने गाडी केवढ्याची ते विचारलं असतं, आणि ते सांगायची माझी हिंमत नव्हती. तिला मी एवढंच सांगितलं होतं की नवी गाडी घेतोय. आणि त्या साडीला कात्री ती कुणाला लावू देणार? मग मी स्वतःची समजूत काढली. साडीचं जे टोक कमरेला आत खोचतात तिथला दोन बोटांचा तुकडा गेला तर कुणाच्या बापाला कळतंय.

आई दुपारी देवळात भजनाला जाते. तिच्या कपाटाची किल्ली कुलपातच लटकलेली असते, तशी ती आयुष्यभर लटकलेली आहे. मी साडी काढली, आतलं टोक शोधलं आणि माझ्या बॅगेतल्या झिगझॅग कात्रीने तुकडा कापला. आम्ही सँपल त्याच कात्रीने कापतो. करवतीच्या दातांसारखी कड येते, म्हणून धागे सुटत नाहीत. लोकांच्या ताग्यांचे कोपरे कापत माझी उमर गेली, कात्री सरळ चालली. साडी होती तशी घडी घालून ठेवली, तुकडा पाकिटात घातला आणि दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये देऊन आलो. येताना गाडीत गाणं म्हणत होतो.

महिन्याभराने भाचीचं लग्न निघालं. आईने आमसुलीच नेसणार म्हणून जाहीर केलं आणि साडी हवेला काढून पलंगावर पसरली. बायको काठाला इस्त्री करायला बसली आणि तिला ते टोक दिसलं.

"आई, हे काय? हे कुणी कापलं?"

आमच्याकडे कामाला एक बाई येतात, तेलंगणाकडच्या, नवरा आमच्याच लूमवर आहे. त्या तिथेच लादी पुसत होत्या. बायकोने त्यांच्याकडे नुसतं बघितलं, पण बघण्यातच सगळं आलं. बाई उभ्या राहिल्या, फडकं हातात तसंच. "भाभी, मैंने अलमारी को हाथ भी नहीं लगाया।"

"मग घरात दुसरं कोण येतं?" बायको म्हणाली.

मी दारात उभा होतो. चहा मागायला आलो होतो. आत्ता सांगू, बाई गेल्यावर सांगू, हसण्यावारी नेऊन सांगू, असं मनात चाललं होतं.

आईने ते टोक हातात घेतलं. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मग तिने माझ्याकडे बघितलं. फार नाही, क्षणभरच.

"मीच कापली," ती म्हणाली.

"तुम्ही? कशाला?"

"गोधडीला ठिगळ लावायचा व्हता."

रेशमी साडी कापून गोधडीला ठिगळ. बायकोचा चेहरा बदलला. तिने आईच्या हातातून साडी हळूच काढून घेतली आणि खूप मऊ आवाजात म्हणाली, "बरं, बरं, असू दे." लहान मुलाशी बोलतात तसं. बाई पुन्हा लादी पुसायला बसल्या. मी चहा न मागताच परत फिरलो.

मला वाटलं, चला, मिटलं. मिटलं कुठलं.

बायको वाईट नाही, हे आधीच सांगतो. तिला काळजी वाटली, आणि काळजी वाटली की ती कामाला लागते. मागे एकदा आईकडून नळ उघडा राहिला होता, ते निघालं. तीच गोष्ट दोनदा सांगते, ते निघालं. ही कुठली म्हातारी माणसं करत नाहीत? पण आता त्या सगळ्याला साडीचं टोक मिळालं होतं. कपाटाची किल्ली बायकोने स्वतःकडे घेतली, "आई, राहू दे माझ्याकडे, हरवायला नको." देवळात एकटीने जायचं बंद झालं, बाई सोबत जाऊ लागल्या. मग गॅस. ज्या आईने दोन पाळ्यांच्या कामगारांना स्वतःच्या हाताने भाकऱ्या करून घातल्या, तिला शेगडीजवळ जायची बंदी झाली. लग्नात आमसुली नेसायची नाही असंही ठरलं. कापलेलं टोक आत खोचलं की दिसलंच नसतं, पण बायको म्हणाली, चारचौघांत नको. बायकोने दिली ती दुसरी साडी आई नेसली आणि लग्नात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिली.

मग डॉक्टर. मीच घेऊन गेलो. मुलगा म्हणून माझं कामच होतं ते. डॉक्टरांनी वार विचारला, बरोबर सांगितला. शंभरातून सात सात वजा करायला लावले. सुताचा हिशेब वडिलांच्या बरोबरीने ठेवलेली बाई ती, माझ्या आधी उत्तरं देत होती. शेवटी त्यांनी बायकोच्या चिठ्ठीत बघून विचारलं, "आजी, साडी का कापली होती?"

आईने गोधडीचं पुन्हा सांगितलं असतं तर त्यांनी गोधडीबद्दल विचारलं असतं. "आठवत न्हाय," ती म्हणाली. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

तिला तपासायला आत नेलं तेव्हा माझ्या फोनवर शोरूमचा मेसेज आला. फोटो होता. रंगवलेला चकचकीत पत्रा आणि त्यावर माझा दोन बोटांचा तुकडा, झिगझॅग कडांसकट. खाली लिहिलेलं, सर, परफेक्ट मॅच, कन्फर्म करू का? खरंच परफेक्ट होता. तुकडा कुठे संपतो आणि पत्रा कुठे सुरू होतो ते कडेवरूनच कळत होतं. मी ओके लिहिलं. आई आत डोळ्यांवर टॉर्च मारून घेत होती आणि मी बाहेर ओके लिहिलं. शेण खाल्लं, दुसरा शब्द नाही याला.

त्या आठवड्यात मला जेवण गोड लागेना. एका दुपारी घरात कुणी नव्हतं, आई लसूण सोलत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"आय, ती साडी मी कापली."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"अंगठा फिरवला तवाच. तसली कात्री सूनबायकडं न्हाय, आन त्या बाईकडं तर न्हायच." ती लसणाची साल फुंकत होती. "तू थितंच उभा व्हता. मना वाटला तू बोलशील. तू बोलला न्हाय. मग त्या गरीब बाईला घालवू देऊ का?"

मी समोरची एक पाकळी उचलून सोलायला लागलो.

"कशाला लागली व्हती?"

"गाडीच्या रंगाला."

हसेल किंवा चिडेल असं वाटलं होतं. "रंग चांगला हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "मना सांगून काय उपेग? मना तर म्हाईतच हाय. सुनेला सांग. माझी किल्ली तिच्याकडं हाय."

रविवारी सकाळी सांगितलं. बायको नाश्त्याची पोह्यांची ताटली माझ्यासमोर ठेवत होती. मी एका दमात बोलून टाकलं. साडी आईने नाही कापली, मी कापली, गाडीच्या रंगाचा नमुना म्हणून. आईचं डोकं ठणठणीत आहे, तिला किल्ली परत दे.

बायको माझ्याकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, किती सांभाळून घेता आईंना," ती म्हणाली. "त्यांना वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेताय, कळत नाही का मला? गाडीसाठी कुणी आईची साडी कापतं का? तुम्ही असं करालच कसं?"

तिने माझ्या हातावर हात ठेवला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, इतक्या मायेने ती फार वेळा बोललेली नाही.

फोन माझ्या खिशात होता. फोटो दाखवला असता तर दोन मिनिटांत सगळं संपलं असतं. मी हात खिशापर्यंत नेला. आणि तिच्या तोंडावरची ती माया बघून मला ती घालवावीशी वाटेना. मी हात परत टेबलावर ठेवला. बोललो नाही म्हणजे तिने धरलं ते बरोबर, असं झालं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. तिने माझ्या बोलण्याची वाट बघितली, साडीच्या दिवशी बघितली होती तेवढीच, त्याहून जास्त नाही. मग ती बायकोकडे वळली.

"सूनबाय, दूध ठेवू का गॅसवर?"

"नको आई, तुम्ही बसा. मी ठेवते."

आई माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसली, आणि मी पोहे खाल्ले.