गणपतीला चिकटलेले आतोबा

जगात मोडलेली वस्तू अशी नसतेच, असलीच तर ती अजून न चिकटवलेली असते, असं आमच्या आतोबांचं ठाम मत आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहणार डोंबिवली, बँकेतून निवृत्त, आणि निवृत्तीनंतरचा सगळा वेळ त्या बोटभर ट्यूबमधल्या झटपट गोंदाला वाहिलेला. त्यांच्या घरात कान जागेवर असलेला एकही कप मूळचा तसा नाही. चष्म्याची काडी, चपलेचा अंगठा, घड्याळाचा तासकाटा, सगळं त्या गोंदाच्या भरवशावर चाललंय. कुकरची मूठ दर रविवारी आत्याच्या हातात येते आणि जेवणं झाली की पुन्हा कुकरला लागते. आत्या म्हणते, लग्नात गुरुजींनी उपरण्याची गाठ मारली म्हणून बरं, यांच्यावर सोपवलं असतं तर मला चिकटवूनच आणलं असतं.

आतोबांचा गोंदावर जितका जीव, तितकाच गोंदाचाही आतोबांवर. वस्तू जुळायच्या आत हे स्वतःच जुळलेले असत. एकदा कपाचा कान बोटात घेऊन ते भाजी आणायला गेले आणि भाजीवालीने विचारल्यावर, नवीन फॅशन आहे म्हणाले. एकदा सांडलेला ओला गोंद पुसायला त्यांनी देवघरातली कापसाची वात घेतली. असा गोंद कापसाला लागला की एकदम तापतो, हे ज्ञान त्यांनी तर्जनीवर टपोरा फोड आणून मिळवलं आणि पुढे महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट वाटलं.

त्यांना सोडवण्याचं खातं त्यांच्या धाकट्या भावाकडे, विनूकाकांकडे होतं. दोघं भाऊ तेव्हा त्याच दोन खोल्यांत राहायचे. दादांची बोटं चिकटली की विनूकाका मुकाट्याने कोमट पाण्यात साबण कालवायचे, हात त्यात बुडवून ठेवायचे आणि मऊ पडल्यावर चमच्याचा दांडा हळूच मध्ये सरकवून बोटं एकमेकांवर फिरवत सुटी करायचे. वर तेलाचा हात. आतोबांना धीर म्हणून नाही. ते हिसका द्यायला गेले की काका त्यांच्या मनगटावर चापट मारत आणि म्हणत, ओढलं की गोंद राहतो आणि कातडी जाते.

पुढे काकांनी कल्याणला घर घेतलं आणि एका वर्षाआड गणपती आपल्याकडे बसावा, एवढीच इच्छा बोलून दाखवली. आतोबा म्हणाले, गणपती थोरल्याच्या घरी बसतो, तो फिरता नसतो. शब्दाने शब्द वाढला आणि बोलणं तुटलं. सगळं जग चिकटवणाऱ्या माणसाला हे एवढं काही जोडता आलं नाही. विनूकाका दर गणेश चतुर्थीला येत, नमस्कार करत, जेवत आणि निघून जात. मधला सगळा व्यवहार आत्यामार्फत चाले. मांडीला मांडी लावून जेवताना काका म्हणत, "वहिनी, त्यांना मीठ वाढा," आणि आतोबा म्हणत, "सांग त्यांना, नको."

त्या वर्षी मी ठाण्याहून फुलं घेऊन जरा लवकरच पोचलो. आत्या स्वयंपाकघरात मोदकांत बुडालेली. बाहेर आतोबा चौरंगापुढे उभे आणि त्यांनी गणपतीचा आशीर्वादाचा हात चिमटीत धरलेला. मला वाटलं, काही मागणं चाललंय. ते हळूच म्हणाले, "गुरुजी यायला किती वेळ आहे रे?" तेव्हा उलगडा झाला. आदल्या संध्याकाळी मूर्ती आणताना रिक्षा खड्ड्यात आदळली आणि मूर्तीची करंगळी निखळली. प्राणप्रतिष्ठेआधी ती मातीच असते, असं स्वतःला समजावून त्यांनी त्या सकाळी आत्याच्या नकळत ती चिकटवली. करंगळी बसली, पण तिच्याबरोबर यांचा अंगठा आणि तर्जनीही बसली. आता हात निघाला तर देवाचा तुटणार. भंगलेली मूर्ती पुजायची नाही आणि ऐन चतुर्थीला चांगली मूर्ती मिळायची नाही. ज्या गणपतीसाठी सख्खा भाऊ तोडला, तो गणपती या वर्षी बसणारच नाही अशी वेळ आली होती. आतोबांचा चेहरा पाहवेना.

मूर्ती शाडूची, त्यामुळे पाणी चालणार नव्हतं. गडबड ऐकून आत्या बाहेर आली आणि तिच्या हाकेसरशी शेजारची कॉलेजातली मुलगी नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन धावत आली. तेवढ्यात दारात विनूकाका उभे राहिले, हातात दुर्वांची जुडी. त्यांनी एक नजर टाकली आणि मुलीला म्हणाले, ते नको, मूर्तीचा रंग उतरेल. मग सवयीने आत्याकडे वळले, "वहिनी, त्यांना सांगा..." पण घाबरलेल्या आतोबांनी हात खेचलाच. मूर्तीच्या मनगटाशी केसाएवढी चीर दिसली.

"दादा, ओढू नकोस."

इतक्या वर्षांनी सरळ बोललेले ते पहिले शब्द. आतोबा जागच्या जागी थांबले. काकांनी एका हाताने मूर्तीचं मनगट सांभाळलं, दुसऱ्याने भावाचं, आणि मला खोबरेल तेल आणायला सांगितलं. मी काडीच्या टोकाने थेंब थेंब सोडत होतो आणि ते दादांचं बोट दाण्याएवढं इकडे, दाण्याएवढं तिकडे फिरवत होते. गुरुजी आले, चहा प्यायले, पंचांग चाळून झालं. शेवटी हात सुटला. करंगळी जागेवर होती आणि चीर तिथेच थांबली होती.

अंगठा आणि तर्जनी मात्र अजून एकमेकांना धरून होती. काकांनी साबणाच्या कोमट पाण्याचं भांडं मांडीवर घेतलं आणि आतोबांचा हात त्यात बुडवला. आतोबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. ते म्हणाले, "विनू, पुढच्या वर्षी गणपती कल्याणला ने."

काका मान खाली घालून बोटं चोळत राहिले. म्हणाले, "नको. मग मी इकडे कशाला येऊ?"

आता आतोबा थकलेत. हात थरथरतो, नजर अधू झाली आहे आणि आत्याने ट्यूबा कुठेतरी दडवून ठेवल्या आहेत. तरी महिन्यातून एकदा कल्याणला फोन जातोच, बोटं चिकटलीत, ये. मागच्या खेपेला मी तिथे होतो. विनूकाका धापा टाकत जिना चढून आले, भावाशेजारी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. पाचही बोटं कोरडी आणि सुटी होती. काकांनी ती उलटसुलट करून नीट पाहिली, आत्याकडे कोमट पाणी मागितलं आणि तो हात त्यात ठेवून, पाणी गार होईपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.