जयवंतीच्या अंगणातली काचपेटी

बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण जयवंती तांडेलच्या पाटीतला बोंबील कोणी नाकाशी धरून पाहत नसे. कारखान्यातून सुटलेला एखादा नवखा कामगार विचारायचा, "मौसी, ताजा है क्या?" त्यावर ती म्हणायची, "सुका हाय बाबा, ताजा कसा असंल? पण सुका ताजा हाय!" आजूबाजूच्या बायका हसायच्या, तोही हसत अर्धा किलो घेऊन जायचा आणि पुढच्या आठवड्यात खोलीतल्या दुसऱ्या दोघांना घेऊन यायचा.

ही पत काही आपोआप आली नव्हती. चिंचणीला लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला पहिली शिकवण दिली होती ती स्वयंपाकाची नव्हे. "आपल्या उंबऱ्याभायेर जो माल जाईल तो चांगलाच जावाला पायजे. वायट असंल तं आपण खावा, नायतं मातीत पुरावा." जयवंतीने ती एवढी अंगी मुरवून घेतली की वाकडातिकडा, काळवंडलेला बोंबील घरच्या कालवणात जायचा, आणि नवरा नरहरी ताटावर बसल्या बसल्या म्हणायचा, "गिऱ्हाईक झालो असतो तं बरा झाला असता."

चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर मुंबईच्या एका तंत्रविद्यापीठातले टिपणीस सर चिंचणीला आले. उन्हाच्या उष्णतेवर मासळी सुकवण्याची पेटी त्यांनी तयार केली होती. आतून काळी रंगवलेली लाकडी पेटी, वर उतरती काच, आत तारेच्या जाळीचे ट्रे. किनाऱ्यावर बोंबील वाळतात ते वलांडीवर, म्हणजे बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्यांवर. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. तिथे माश्या बसतात, वाळू उडते, कावळे येतात. पेटीत यातलं काही व्हायचं नाही, असं सरांचं म्हणणं. पण प्रयोगशाळेतलं सुकणं वेगळं आणि चिंचणीतलं वेगळं, म्हणून एक हंगामभर पेटी कोणाच्या तरी अंगणात ठेवायची होती. गावाने एकमुखाने जयवंतीचं नाव सांगितलं.

पेटी आली तशी शेजारची सुगंधा कुडापाशी येऊन उभी राहिली. या दोघींचं बोलणं म्हणजे फोडणीतली मोहरी. सुगंधा म्हणाली, "जयवंते, आमच्या घराला कौलं नाय नि तुज्या बोंबलांना काचेचा बंगला! पडदं कदी लावतंस गो?"

"तुज्या नजरेवर लावीन पयला," जयवंती म्हणाली. पण मनातून ती फुलून गेली होती.

पेटीचं काम पाहायला दर शनिवारी वत्सला यायची. वत्सला पालघरच्या एका शाळामास्तरांची मुलगी, सरांच्या हाताखाली शिकणारी. या पेटीवरच तिचा प्रबंध होता. पहिल्या दिवशी तिने नाकाला पदर लावला होता. महिना उलटला नाही तोच ती जयवंतीच्या चुलीपाशी बसून, निखाऱ्यावर भाजलेला बोंबील तांदळाच्या भाकरीवर चुरून खाऊ लागली. घरी तिच्या लग्नाचं घाटत होतं. "या उन्हाळ्यात प्रबंध झाला तर झाला मावशी, नाहीतर बाबा थांबायचे नाहीत," असं तिने एकदा भाकरी मोडता मोडता सांगितलं.

काम साधं होतं. जयवंतीने काही बोंबील दोरीवर टाकायचे, काही पेटीतल्या ट्रेवर मांडायचे, आणि शनिवारी दोन्हीकडचे वेगवेगळ्या पुड्यांत बांधून द्यायचे. वत्सला पुड्यांवर लिहायची: 'पेटी, जयवंती तांडेल', 'वलांडी, जयवंती तांडेल'. मग ते मुंबईला प्रयोगशाळेत जायचे आणि त्यांच्यात ओल किती उरली ते यंत्रावर मोजलं जायचं. आपलं नाव असं कागदावर चढून मुंबईला जातंय याचं जयवंतीला केवढं अप्रूप! ती पुडी बांधायची ती लेकीच्या ओटीत घालावी तशी.

मार्गशीर्षात आभाळ गढूळलं. पाऊस नाही, ऊनही नाही, नुसतं मळभ. दोरीवरच्या बोंबलांना निदान समुद्राचा वारा तरी होता. ते चिवट राहिले, पण टिकले. पेटीला मात्र आतून घाम फुटला. काचेवर पाणी धरायचं आणि थेंब थेंब ट्रेवर पडायचं. जयवंती सकाळ-संध्याकाळ झाकण उघडून काच आतून पुसायची, तेवढ्यात एखाददुसरी माशी आत शिरायची. शुक्रवारी तिने झाकण उघडलं आणि झटकन मिटलं. बोंबील बुळबुळीत झाले होते, आणि आत अळ्या वळवळत होत्या.

तिला वाटलं, हात आपला चुकला. एवढी शिकलेली माणसं, एवढी मोठी पेटी. ती कशी चुकेल? आणि चुकली असली तरी ती आपल्या अंगणात आलेली. परक्याची लेक घरी नांदायला यावी नि तिची नालस्ती आपणच करावी? त्यात उद्या पुडीवर नाव पडणार जयवंती तांडेल. मुंबईत कोणीतरी पुडी सोडणार, तोंड फिरवणार.

तिने ते बोंबील माडाच्या बुडाशी पुरले. मग माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात हंगामाच्या सुरुवातीचे, कडकडीत उन्हात वाळलेले, लेकीच्या सासरी धाडायला राखलेले बोंबील होते. त्यातले निवडून तिने पेटीची पुडी बांधली. मळभ हटेपर्यंत तिने असंच केलं. यात आपण कोणाला फसवतोय असं तिच्या मनातही आलं नाही. दुसऱ्याच्या हातात द्यायचं ते चांगलं द्यायचं, एवढंच ती जन्मभर करत आली होती.

त्यानंतर वत्सला आली ती जरा निराळीच वागली. "मावशी, सर फार खूश आहेत," म्हणाली, पण बोलताना पेटीतल्या थर्मामीटरकडे बघत होती. भाकरीलाही थांबली नाही. लग्नाची काळजी असेल, जयवंतीने मनाशी म्हटलं.

माघात टिपणीस सरांनी देवळासमोरच्या पटांगणात बायकांची सभा घेतली. वाडीतल्या झाडून साऱ्या बायका आल्या. सरांनी फळ्यावर मासळीतल्या ओलीच्या दोन रेघा काढल्या, एक वलांडीची, एक पेटीची. पेटीची रेघ मळभाच्या दिवसांतही खाली खाली गेलेली. "खरं सांगायचं तर मलाही एवढी आशा नव्हती," सर म्हणाले. "ऊन नसतानाही पेटीतली मासळी वलांडीपेक्षा कितीतरी जास्त सुकली. आता पुढच्या हंगामाला घरोघर पेटी मिळावी म्हणून आम्ही सरकारकडे जाणार आहोत."

सुगंधा उभी राहिली. "सर, मळभात सुकतात? सुकतात म्हंजे खरंच?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," सर हसून म्हणाले. "जयवंतीबाई इथेच आहेत. त्यांनाच विचारा."

सगळ्या माना वळल्या. जयवंतीच्या कानात समुद्र घोंघावू लागला. माडाच्या बुडाशी पुरलेलं तिच्या डोळ्यांपुढे आलं. तेव्हा पहिल्यांदा तिला कळलं, की ती पुडी कोणाच्या खाण्यासाठी नव्हतीच. ती पुडी म्हणजे साक्ष होती. आता तरी खरं बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं; समोर सर हसत होते, सुगंधा भुवया उंचावून उभी होती. जयवंतीने मान डोलावली. होय म्हणून.

घरी येताना सुगंधा तिच्या बरोबरीने चालू लागली. टोमण्याची वाट बघत जयवंती खाली मान घालून चालली. पण सुगंधा म्हणाली, "दुसऱ्या कोणी सांगितला असता तं मी मानला नसता. पण तू वायटाला चांगला म्हणणारी नाय. यंदा वलांडीचे बांबू कुजलेत, नवीन घालणार होते. आता नाय घालत. पेटीच घेते."

शिवी दिली असती तर परवडलं असतं! वर्षानुवर्षं जिच्याशी भांडण, तिनेच आपल्या एका होकारावर दोऱ्या सोडायला घ्याव्यात? जयवंतीला घरात शिरवेना. सुगंधाच्या घरात खाणारी तोंडं किती, आणि मळभाच्या एका आठवड्यात पेटीत काय होतं, हे सगळ्या वाडीत तिला एकटीलाच माहीत होतं.

अंगणात वत्सला पेटीतले ट्रे काढून पुसत होती. जयवंती तिच्यासमोर जमिनीवर बसली. चेहरा पदरात घेतला आणि तसंच पदरातूनच बोलली, "बाय, मी तुजा वाटोळा केला. मळभाच्या टायमाला पेटीतले कुजले होते. मी दुसरेच दिले. उन्हातले. डब्यातले."

ट्रे पुसायचा वत्सलाचा हात थांबला. रागावेल, रडेल, असं वाटून जयवंतीने पदर बाजूला केला. वत्सलाचा चेहरा लालबुंद झाला होता.

"मला माहीत होतं मावशी."

"काय माहीत होता?"

वत्सलाने हातातला ट्रे पुढे धरला. "यावर बोंबील पसरले की पोटावर जाळीच्या चौकटी उमटतात. दर वेळच्या पुडीत तशाच होत्या. त्या पुड्यांत नव्हत्या. उलट जबडे ताणलेले होते, दोरीवर अडकवल्यासारखे. पुडी सोडताच कळलं मला. मी सरांना सांगायला हवं होतं. पण आकडे इतके चांगले आले... मी मनाला म्हटलं, मावशींनी या वेळी ट्रेवर निराळे मांडले असतील. मुद्दाम तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं."

आपण नकळत केलं, हिने कळून सवरून. पण त्याने जयवंतीला हलकं वाटलं नाही. या पोरीला आपल्या चुलीपाशी बसवलं, भाकरी घातली, आणि खोटं बोलायची वाटही आपणच दाखवली, असंच तिला वाटलं.

"तुजा लग्न?" तिने विचारलं.

"ते बघू." वत्सलाने डोळे पुसले. "चला, सर सरपंचांकडे चहाला थांबलेत."

"मी कशाला गो? मला लाज वाटते."

"मला नाही वाटत होय? एकटीने माझे पायच उचलायचे नाहीत."

दोघी गेल्या. सरपंचांच्या ओसरीवर वत्सला बोलली आणि जयवंती खांबाला धरून उभी राहिली. सरांनी बशीतला चहा तसाच ठेवला. चष्मा काढला, बुशशर्टाच्या टोकाने पुसत बसले; काच स्वच्छ होऊन गेली तरी पुसत राहिले. मग वत्सलाला म्हणाले, "चौकटी नव्हत्या, हे तू पाहिलंस. आणि मी ते बोंबील एकदाही स्वतः उघडून पाहिले नाहीत. नुसते आकडे पाहिले. भर सभेत बोललो."

जयवंती पुढे झाली. "सर, तिला बोलू नका. कुजका दुसऱ्याला द्यावाचा तं माज्या हातान होतच नाय. मी बायकांना सांगते."

"नाही," सर म्हणाले. "बोललो मी. मीच सांगेन."

त्यांनी त्याच संध्याकाळी दारोदार जाऊन सांगितलं. पण जयवंतीही घरात बसली नाही. सरांच्या मागोमाग प्रत्येक दाराशी उभी राहिली. सुगंधाच्या दाराशी सर बोलून पुढे गेले, जयवंती मागे राहिली. सुगंधाने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मान डोलावताना मानेला काय झाला नाय गो?"

"झाला."

"बरा झाला." सुगंधाने एव्हाना सोडून ठेवलेल्या दोऱ्या उचलून तिच्या हातात दिल्या. "धर दुसरा टोक. आता तूच बांध माज्यासंगती."

दोघींनी अंधार पडेपर्यंत दोऱ्या ताणल्या. त्यानंतर कित्येक दिवस सुगंधाने तिला टोमणा मारला नाही, आणि तीच जयवंतीला सर्वांत मोठी शिक्षा वाटली. बाजारात कोणी बोंबील न हुंगता घेतला की तिचा हात पाटीवर अडखळायचा. "हुंगून घे बाबा," ती म्हणायला लागली. गिऱ्हाइकाला ती गंमत वाटायची.

वत्सलाचा प्रबंध त्या उन्हाळ्यात झाला नाही. तिचे बाबा कसे थांबले ते तिने सांगितलं नाही, जयवंतीने विचारलं नाही. पुढच्या हंगामात पेटी पुन्हा अंगणात आली. या वेळी तिला मागच्या बाजूने हवा जायला उंच नळी लावली होती. थंडीत पुन्हा मळभ आलं. काचेला घाम पूर्वीपेक्षा कमी धरला, पण धरला; आणि शनिवारपर्यंत खालच्या ट्रेमधले बोंबील बिघडले.

वत्सला ओट्यावर बसून होती. जयवंती आत-बाहेर करत राहिली. माळ्याकडे तिने पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही. शेवटी तिने श्वास धरून ते बोंबील कागदावर घेतले, पुडी बांधली आणि तोंड फिरवून हात पुढे केला. सासू वारून इतकी वर्षं झाली होती, तरी तिला वाटलं, ती दाराआडून बघते आहे.

वत्सलाने पुडी उघडून पाहिली. पोटावर चौकटी होत्या. वास तर होताच.

"नाव नको लिवू, बाय," जयवंती भिंतीकडे बघत म्हणाली. "एवढ्यापुरता नको लिवू."

वत्सलाचं पेन क्षणभर अडलं. "लिहावं लागेल मावशी. चांगल्यांवर लिहिलं होतं ना?"

भिंतीकडे तोंड करूनच जयवंतीने मान हलवली. पेनचा कागदावरचा आवाज थांबेपर्यंत, पुडी पिशवीत जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग चुलीपाशी जाऊन हात राखेने घासघासून धुतले, आणि परातीत तांदळाचं पीठ घेतलं.

"भाकरी खाऊनच जा," ती म्हणाली. "बोंबील दोरीवरचा हाय."