बोट ठेवलं की ऐकू येते

ज्या ऑफिसात दिवसभर रेकॉर्डिंग चालू असतं, तिथले चांगले किस्से नेमके बटण बंद असतानाच घडतात. हा आमचा पक्का अनुभव आहे. मग ते तोंडोतोंडी फिरतात, प्रत्येकजण त्यात आपलं मीठ घालतो आणि पुढच्या हंगामापर्यंत मूळ किस्सा ओळखूही येत नाही. म्हटलं, मीठ घालायचंच आहे तर आपणच घालावं!

ऑफिस म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला एका कृषी केंद्राच्या वरची माझी जुनी टायपिंगची खोली. शिकायला कोणी येईना, तेव्हा टाइपरायटर कोपऱ्यात सरकवले आणि आम्ही तिघांनी तिथे एक अॅप बनवायला घेतलं. स्क्रीन कशी दिसावी ते मी ठरवतो. वैशाली कोड लिहिते. गजू मोटारसायकलवर गावोगाव जाऊन ते लोकांच्या हातात देतो आणि त्यांच्या शिव्या घेऊन परत येतो.

अॅप तसं साधं आहे. मीटिंग किंवा क्लास चालू असताना फोन रेकॉर्ड करत राहतो. मधे तुम्ही एखादा शब्द टाईप करायचा. नंतर त्या शब्दावर बोट ठेवलं, की तो लिहिताना जे बोलणं चाललं होतं ते ऐकू येतं.

वैशाली पुण्याच्या कंपनीतून बिनपगारी रजा घेऊन आली होती. रजा दिवाळीपर्यंतची. तिला परत जायचं नव्हतं. तिचे वडील पुंडलिकभाऊ जवळच्याच गावचे, सोयाबीन-तुरीवाले. ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "तू बाजूले बसली नाही, अन् तरी एखादा माणूस हे वापरून राह्यला, असा मले दाखव. मंग राह्य इथं. नाही तं दिवाळी झाली की पुणं!"

पुंडलिकभाऊंचं बोलणं एकदा झालं की झालं. त्यात घासाघीस नाही.

*

पहिली चाचणी कारंज्याला. पोलीस भरतीच्या पोरांचा एक क्लास आहे, तिथले इतिहासाचे सर म्हणजे नाद नाही! लढाई अशी सांगतात की मागच्या बाकावरची पोरं खाली वाकतात. सगळं अस्सल वऱ्हाडीत.

आम्ही फोन टेबलावर ठेवला. स्क्रीनवर मी हौसेनं भाकरीएवढा लाल गोल काढला होता, तो लुकलुकायला लागला. सरांनी गोलाकडे पाहिलं, शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाले, "विद्यार्थी मित्रहो, आज आपण प्रस्तुत विषयाचा परामर्श घेणार आहोत."

पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. लढाई सुरू झाली, पण कोणी मरेना.

शेवटी एक मुलगी उठली. "सर, ते बंद करू का? मंग शिकवा."

त्या संध्याकाळी मी लाल गोलाचा तिळाएवढा ठिपका केला. डिझाइनच्या पुस्तकांत हे कुठे लिहिलंय मला माहीत नाही, पण आमच्याकडे माणसाला फोन दिसला की तो भाषण करतो.

*

गजूचं म्हणणं, आधी आपण स्वतः वापरावं. म्हणून तो वाशीमच्या एका मीटिंगला निघाला, फोन खिशात ठेवून, रस्त्यानं सुचलेलं बोलत. बोलणं गाडीवर जमतं, पण टाईप कसं करणार? प्रत्येक शब्दाला गाडी बाजूला घ्यायची, स्टँड लावायचा, लिहायचं, पुन्हा किक.

तो पोचला तेव्हा मीटिंगवाले खुर्च्या उचलून ठेवत होते.

"कसं वाटलं अॅप?" वैशालीनं विचारलं.

"अॅप फस्ट क्लास हाय. फक्त वाशीम लांब पडते!"

*

आता कमलताई. या एका बचत गटाच्या सचिव. आमच्या अॅपमध्ये जर काही अक्कल असेल, तर ती अर्धी त्यांची आहे आणि उरलेली त्यांच्या चहाची.

गटाच्या बैठकीत त्यांनी अॅप मन लावून वापरलं. नोंदी छान होत्या. 'पापडाचं मशीन कोणाच्या घरी', 'हळदीकुंकू कधी'. आम्ही मोठ्या आशेनं पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं. फुर्रर्र! दुसऱ्या नोंदीवर ठेवलं. फुर्रर्र, आणि "साखर कमी पडली वं." सगळ्या नोंदींवर चहा पिणंच चाललेलं.

वैशालीनं कपाळाला हात लावला. "काकू, तुमी कधी लिहता?"

"बायका बोलतात तवा मी ऐकते. ऐकू का लिहू? सगळ्याइचं बोलून झालं, चाय आली, की मंग निवांत लिहते."

"मंग आवाज तं चहाचाच येईन नं."

"मंग तुह्या मशीनले सांग थोडं मांगं जायाले."

"किती मागे?"

कमलताईंनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "चायच्या आधी!"

वैशाली दोन आठवडे त्यावर बसली. आता नोंद बोटानं धरून मागे ओढता येते, हव्या त्या बोलण्यावर नेऊन सोडता येते. त्या बटणाचं नाव 'जरा मागं' असं ठेवलंय. गजू अजूनही त्याला 'चहाच्या आधी'च म्हणतो.

*

एकदा पुंडलिकभाऊ खतासाठी खाली कृषी केंद्रात आले आणि वर डोकावले. टाइपरायटरवर टोपी ठेवली, खुर्ची ओढली.

"हे नेमकं कोणासाठी हाय?"

वैशाली म्हणाली, "बाबा, ज्याच्या ध्यानात राहत नाही त्याच्यासाठी."

"मंग आपल्या गावात एकही गिऱ्हाईक नाही भेटणार तुले." ते शांतपणे म्हणाले. "चुलत्यानं धुरा कोरला, तो आमच्या आजापासून ध्यानात हाय. तवा कुठं मोबाईल होता?"

शेताचा बांध कोरल्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे खरं आहे. जाताना त्यांनी दिवाळी किती दिवसांवर आलीय ते कॅलेंडरवर पाहिलं. वैशालीनं तेवढं टिपलं. रेकॉर्डिंग न करता.

*

गजूच्या आजोबांना पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांपुढे म्हणायची यमकातली कवनं, तोंडपाठ. बैल तोरणाखाली उभे राहिले की ते एकावर एक अशा झडत्या फेकतात की समोरचा गट गप्प. म्हटलं, या रेकॉर्ड करू आणि एकेका झडतीला नोंद लावू. लोकांना दाखवायला झकास होईल!

आजोबांना ओसरीत बसवलं. ते घसा खाकरून बसून राहिले. काही आठवेना.

"काय झालं, आबा?"

"बैल कुठी हाय?"

"बैल कायले पाहिजे? फोनमधी बोला."

"येडा हायेस का? झडती बैलाले पाहून येते. फोनले पाहून काय येईन?"

झालं. आमची मिरवणूक गोठ्यात. समोर हिऱ्या बैल कडबा खातोय, आजोबा एका हातानं त्याची शिंगं कुरवाळतायत आणि तोंडातून झडत्यांवर झडत्या. वैशाली शेणात उभी राहून नोंदी टाईप करतेय. मग पहिल्या नोंदीवर बोट ठेवून तिनं ऐकवलं. स्वतःचा आवाज ऐकून आजोबांचा चेहरा उजळला. मला वाटलं, आता आशीर्वाद!

"पुन्हा लाव," ते म्हणाले. "हिऱ्याचं ध्यान नव्हतं."

*

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. दसऱ्याच्या सुमारास असं लक्षात आलं, की रेकॉर्डिंग लांबलं की नोंद आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकतात. शब्दावर बोट ठेवावं, तर दुसऱ्याच कोणाचं बोलणं. म्हणजे सगळ्या अॅपचा जीवच गेला. वैशालीनं नाना उपाय करून पाहिले. एका दुपारी तिनं कीबोर्ड बाजूला सरकवून ठेवला होता. स्क्रीनवर कंपनीची मेल उघडी होती, कामावर कधी हजर होताय म्हणून विचारणारी. मला तिच्याकडे बघवेना. पोरगी हरली असं वाटलं आणि खरं सांगतो, माझाही धीर सुटला.

तेवढ्यात कमलताईंचा फोन.

"वैशाली, तुहं ते बिघडलं म्हणे?"

"हो काकू."

"मंग दुरुस्त कधी होईन ते नेमकं सांग. तेवढे दिवस आमी बैठक पुढं ढकलतो."

"अवं काकू, बैठक घ्या नं! आधी वहीत लिहत होत्या नं तुमी?"

"वही बोलते का?" कमलताई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

वैशालीनं मेल बंद केली. चार दिवसांत चूक सापडली. कुठे होती ते तिनं मला दोनदा समजावलं आणि मी दोन्ही वेळा मान हलवली.

*

आणि आता हा शेवटचा किस्सा.

दिवाळीच्या तोंडावर वैशालीला पाहायला कारंज्याचे पाहुणे आले. मुलगा अमोल, पुण्याला नोकरीला. दोघं फोनवर आधीच बोललेले, एकमेकांना पसंत. बोलणी करायला मुलाचे मामा होते. वैशालीच्या बाजूनं मला आणि गजूला पुंडलिकभाऊंनी मुद्दाम बोलावलं होतं. सतरंजी, पोहे, फिरता पंखा, सगळं रीतसर.

मामा माणूस मोठा, आवाज त्याहून मोठा. "पोरगी आमाले पसंत हाय. पण एक गोष्ट सांगून ठेवतो. हे मोबाईलचं खूळ लग्नानंतर चालणार नाही. पुण्याले चांगली नोकरी हाय तिची, तीच करन. खेड्यात बसून कोणी अॅप बनवते का? कोण वापरते ते?"

वैशालीनं मान खाली घातली. मी भाऊंकडे पाहिलं. गेले कित्येक महिने हेच वाक्य ते स्वतः बोलत आले होते. आता ते 'बरोबर हाय तुमचं' म्हणणार आणि संपलं, असंच मी धरून चाललो.

भाऊंनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. बंडीच्या खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. दुसऱ्या खिशातून फोन काढला. एका बोटानं काहीतरी शोधलं, दाबलं आणि फोन बरोबर मामांच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवला. तिळाएवढा ठिपका चालू!

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी गजूकडे. गजूनं मान हलवली, मी नाही शिकवलं म्हणून.

"हं," भाऊ म्हणाले. "आता बोला, मामा. माह्या पोरीनं बनवलं हे. तुमी बोला, मी लिहतो. उद्या तुमच्या बोलण्यावर बोट ठेवलं की तुमचंच बोलणं ऐकू येते."

मामांनी फोनकडे पाहिलं. भाच्याकडे पाहिलं. मग पोह्यांची प्लेट उचलून खायला लागले.

अमोलच म्हणाला, "काका, माही काही ना नाही. ती इथंच काम करो. मी वाशीमकडं बदली मांगतली हाय."

भाऊंनी फोन उचलला. एकेक अक्षर शोधत, ओठ हलवत टाईप करायला लागले. अख्खी बैठक त्यांचं लिहून व्हायची वाट बघत बसली.

ते रेकॉर्डिंग वैशालीनं जपून ठेवलंय. त्यात एकच नोंद आहे: 'मामा चूप. पोरगा हो म्हणते. पोरगी इथंच.' त्या नोंदीवर बोट ठेवलं की आधी नुसता पंखा ऐकू येतो, मग एक कपबशी वाजते, आणि मग पुंडलिकभाऊंचा आवाज:

"लिहलं. घ्या, आता चाय घ्या."