चुन्याची डबी

"मला काई म्हणायचं न्हाई, बाई. तसंच लिवा," पार्वती म्हणाली. सकाळपासून ही अकरावी बाई, अन् उत्तर अकरा वेळा तेच.

निजामाच्या राजवटीतलं सांगते. मी तेव्हा परभणीच्या दवाखान्यात नर्स. सेलूकडच्या एका ठाण्याच्या अमिनाविरुद्ध, म्हणजे आताच्या फौजदाराविरुद्ध, हैदराबादला निनावी अर्ज गेला होता. माणसं खोट्या गुन्ह्यात कोंडतो, चांदी घेऊन सोडतो. तहकीकातीला आलेल्या साहेबांना मराठी येईना, बायका पुरुषांपुढं बोलेनात. म्हणून मला नेलं. पार्वतीचा नवरा मन्मथप्पा, किराणा दुकानदार, चार दिवसांपासून कोठडीत होता. ही बोलली तर त्याचं काय होईल, ते तिला चांगलं ठाऊक.

बोलता बोलता ती खोकायला लागली. मी वही मिटली, छातीला तेल चोळायला पदर सरकवला. गळ्यात लिंग, पण साध्या कापडात बांधलेलं. लिंगायत माणूस लिंग अंगावेगळं करत नाही. दुकानदाराच्या घरी त्याला चांदीची डबी असतेच.

"डबी कुठंय गं?"

"पडली कुठं तरी."

"अन् लिंग तेवढं राहिलं?"

"ते आधी काडून घेतलं की! लिंग कसं दिईन मी?" बोलली अन् तोंडावर हात ठेवला. मग रडतच म्हणाली, "डबी घेतली, तरी माणूस सोडंना. आनखी आन म्हणतो."

मी जाऊन साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "सबूत कहाँ है, बाई?"

दुपारी अमिनानं साहेबांना पानाला बोलावलं, मलाही. पानदानात चुना होता चांदीच्या डबीत, अन् डबीला दोरा ओवायच्या दोन कड्या! अमिनाला ती कशाची, पत्ताच नव्हता.

"साहेब, थांबा," मी म्हटलं, अन् पार्वतीला बोलावून घेतलं.

तिनं अमिनाकडं पाहिलंसुद्धा नाही. "डावी कडी तुटली व्हती. वालूरच्या सोनारानं जोडली. बघा जोड."

मी ते साहेबांना समजावलं, त्यांनी चुना पुसला. जोड होता.

"बाजार से लिया," अमीन म्हणाला. सोनार आला, त्यानं आपलं काम ओळखलं. दिवेलागणीला मन्मथप्पा घरी. अमिनाची बदली झाली दुसऱ्या ठाण्याला. तेवढीच.

पार्वतीनं डबी राखेनं लय घासली. लिंग मात्र कापडातच ठेवलं. "आता नगं वाटतं, बाई," म्हणाली.

साहेबांनी पुढच्या गावी तहकीकातीला चला म्हटलं, तेव्हा मी सांगितलं, "येते. पण पानदान आधी मी बघणार."