बगळे विरुद्ध अस्वलं

आइस हॉकी या विषयावर आजवर माझा एकच लेख प्रसिद्ध झाला आहे, आणि प्रसिद्ध झाल्यापासून अर्ध्या तासात मी स्वतःच तो लोकांच्या हातातून परत काढून घेत फिरत होतो.

मी मूळचा कोथरूडचा, सध्या मुक्काम टोकियोतलं निशी-कसाई, धंदा सॉफ्टवेअर. बर्फाशी माझा संबंध उसाच्या रसापुरता. (तोही ‘बिनबर्फाचा द्या’ असं सांगण्यापुरता!) पण आमच्या कंपनीतल्या आणि आसपासच्या हौशी लोकांचा आइस हॉकीचा एक संघ आहे. जपानी नावाचा अर्थ ‘पांढरे बगळे’. त्यांच्याच डिव्हिजनमधला त्यांचा जुना वैरी म्हणजे ‘अस्वलं’. हे दोन्ही संघ त्या वर्षी तक्त्याच्या तळाला होते आणि त्यांच्यातल्या सामन्यात जो हरेल तो खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार होता. खाली डिव्हिजनच नव्हतं. हरणाऱ्यांसाठी ते खास नवीन काढणार होते!

एक दिवस आमचे साहेब, ओगावा-सान, माझ्या टेबलाशी आले. चोपन्न वर्षांचा, किरकोळ अंगाचा, अतिशय हळू बोलणारा माणूस. मीटिंगमध्ये त्यांनी "थोडं अवघड आहे" म्हटलं की समजायचं, प्रोजेक्ट मेलं.

"जोशी-सान, भारत म्हणजे हॉकी, नाही का?"

इथे मी सांगायला हवं होतं, की साहेब, ती हॉकी गवतावरची, आणि मी तीसुद्धा टीव्हीवर कधी शेवटपर्यंत पाहिलेली नाही. पण माझ्या कॉन्ट्रॅक्टच्या नूतनीकरणाचा कागद त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडला होता. मी ताठ उभा राहून म्हणालो, "हाय!" (जपानीत ‘हाय’ म्हणजे हो. मराठीत ‘हाय’ म्हणजे काय, ते मला पुढच्या रविवारी कळलं.)

"छान. मग बगळे-अस्वलं सामन्याचा प्रिव्ह्यू तुम्ही लिहा. दारात वाटायच्या पत्रकासाठी. परदेशी तज्ज्ञाची नजर! शनिवारी सकाळी रिंकवर दोघांचा सराव आहे. नऊ ते दहा आपला, दहा ते अकरा त्यांचा. मी जरा कामात असेन, तुमच्याजवळ बसता येणार नाही."

घरी बायकोला, मुग्धाला, हे सांगितलं तेव्हा ती पोळी लाटायची थांबली.

"तू? हॉकीवर? शिरीष, फ्रीजमधला बर्फाचा ट्रे काढायला तुला मी लागते!"

"लिहायचंच तर आहे. खेळायचं थोडंच आहे?"

"प्रिव्ह्यू म्हणजे काय हो?" आतून आवाज आला. हे आप्पा, माझे सासरे. निवृत्त शाळा-तपासनीस, तीन महिन्यांसाठी लेकीकडे आलेले.

"म्हणजे आप्पा, मॅच व्हायच्या आधी मॅचबद्दल लिहायचं."

"न झालेल्या गोष्टीबद्दल लिहिणार? मग निरीक्षण पक्कं हवं. मी येतो बरोबर."

आप्पा बरोबर येणार म्हणजे तपासणी माझीच. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी आप्पांनी माझ्यावर ‘प्रगती समाधानकारक’ एवढाही शेरा मारलेला नव्हता. शिवाय जपानात त्यांना एका नव्या वेडानं झपाटलं होतं. कचरा! इथे कचरा वेगळा करून ठरलेल्या वारी टाकावा लागतो, हे कळल्यापासून आयुष्यभर शोधत होतो ते शास्त्र सापडल्यासारखे ते खूश होते. जळणारा, न जळणारा, बाटल्या-डबे, आणि चौथा ‘सोदाई-गोमी’, म्हणजे अवजड कचरा. सोफा, कपाट, गादी वगैरे. तो तसाच टाकता येत नाही. फोन करून तारीख घ्यायची, स्टिकर चिकटवायचा आणि मग माणसं येऊन उचलून नेतात. पंधरा दिवसांत आप्पा आमच्या बिल्डिंगचा कचरा तपासायला लागले. शेजारचे जपानी आजोबा त्यांना ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणायचे!

शनिवारी आम्ही दोघं रिंकवर पोचलो. दारावर हातानं लिहिलेला एक कागद लावला होता.

"काय लिहिलंय?" आप्पांनी विचारलं.

मला त्यातली ‘वेळ’ आणि ‘नऊ’ ही दोन अक्षरं आली. "वेळापत्रक आहे," मी ऐटीत म्हणालो. (त्यावर लिहिलं होतं, ‘आज दोन्ही संघांनी नऊ आणि दहाच्या वेळांची अदलाबदल केली आहे.’ हे मला माझ्या अकरा वर्षांच्या मुलीनं, इरानं, नंतर सांगितलं. फारच नंतर!)

सरावाला सगळे राखाडी शर्टात. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर जाळी. नावं नाहीत, बगळा नाही, अस्वल नाही. नऊला पहिला संघ बर्फावर उतरला आणि मी उडालोच! काय वेग! काय वळणं! गोलकीपर तर मांजरासारखा उड्या मारत होता.

"आप्पा, आपले बगळे बघा! कोण म्हणेल हे तळाला आहेत?"

"अधोरेखित करा," आप्पा म्हणाले.

दहाला दुसरा संघ आला. पहिले दोघं दारातच एकमेकांवर आपटले. तिसरा कुंपणाला धरून चालत होता. आणि गोलकीपर! कपाटाएवढा रुंद, गुडघ्यांना गाद्या बांधलेला. तो आधी गोलच्या दोन्ही खांबांना वाकून नमस्कार करायचा, मग काठीनं त्यांना तीन-तीनदा थोपटायचा. तोवर चेंडू, म्हणजे ती काळी चकती, त्याच्या मागे जाळ्यात! एकदा तो पडला तर उठेचना. शेवटी दोन खेळाडूंनी बगलेत हात घालून उभा केला.

आप्पांनी चष्मा वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा आनंद होता.

"शिरीषराव, हा सोदाई-गोमी!"

मी हसून हसून वही खाली पाडली. मग आप्पांनी अख्खा संघच वेगळा करून दिला. "तो पुढचा, जळणारा. डोकं लगेच तापतं. तो मागचा, न जळणारा. काही केलं तरी पेटत नाही." मी लिहून घेत गेलो. चौदा वर्षांत सासरे-जावई म्हणून आमचं इतकं कधी जमलं नव्हतं!

घरी येऊन मी लेख लिहिला. बगळ्यांची तोंड भरून स्तुती, अस्वलांचं कचरा-वर्गीकरण. शेवटी, ‘अस्वलांचा गोलकीपर खांबांना नमस्कार करतो, कारण त्यांना तरी गोल अडवता येईल अशी त्याला आशा असावी. त्याला हलवायचं तर पालिकेला फोन करून स्टिकर लावायला हवा.’ इरानं ते जपानीत केलं. ती इथल्या शाळेत शिकते, त्यामुळे घरात प्रश्न मराठीत आणि उत्तर जपानीत.

"बाबा, हे असं लिहिलं तर चालतं?" या वेळी मात्र तिनं मराठीत विचारलं.

"अगं, वैरी संघ आहे. थोडी चेष्टा चालते."

लेख बाईंकडे गेला. बाई म्हणजे पत्रक छापणाऱ्या आणि सामन्याचं निवेदन करणाऱ्या स्वयंसेविका. त्यांनी फक्त ‘धाडसी आहे’ एवढंच कळवलं. मला वाटलं, कौतुक!

रविवारी दुपारी आम्ही सहकुटुंब रिंकवर. दारात प्रत्येकाच्या हातात माझा लेख. लोक वाचत होते, गोंधळून एकमेकांकडे बघत होते. मी मान किंचित झुकवून अभिवादनं घेत होतो. मग संघ बर्फावर आले.

अस्वलांचे काळे शर्ट वाऱ्यासारखे फिरायला लागले. त्यांचा गोलकीपर मांजरासारखा उडी मारून आत आला. आणि आमच्या दारातून पांढऱ्या शर्टातले दोन बगळे एकमेकांवर आपटले. त्यांच्यामागून एक कपाट आलं. कपाट गोलपाशी गेलं, आणि त्यानं दोन्ही खांबांना नमस्कार केला.

"अगं बाई!" मुग्धा म्हणाली.

"सोदाई-गोमी आपला आहे!" आप्पा म्हणाले.

माझे हातपाय गार पडले. (रिंकमध्ये पडतातच, पण हे वेगळं होतं.) पहिला विचार आला, ओगावा-सानना गाठून आधीच कबूल करावं. पण साहेब कुठेच दिसेनात. दुसरा विचार, पत्रकं परत घ्यावी. मी पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. "सुमिमासेन, सुमिमासेन," म्हणजे माफ करा, माफ करा, असं म्हणत मी हात पुढे केला. पहिल्याच आजींनी पत्रक दिलं, आणि बरोबर चहाची रिकामी बाटलीही दिली! शेजारच्या गृहस्थांनी डब्याचं झाकण दिलं. त्यांना वाटलं, मी कचरा गोळा करणारा स्वयंसेवक आहे. कुणीतरी मला पिशवीसुद्धा आणून दिली. लोक उठून उठून वाकत होते. "एवढ्या लांबून येऊन आमचा कचरा उचलता! केवढे आभार!" मागून आप्पा ओरडत होते, "शिरीषराव, बाटली आणि कागद एकत्र करू नका!"

नेमकं तेव्हाच बाईंनी माइकवर माझं नाव पुकारलं. परदेशी तज्ज्ञ जोशी-सान आता आपला प्रिव्ह्यू सादर करतील, त्यांची कन्या तो वाचेल!

मी पिशवी हातात घेऊनच माइकपाशी पोचलो. इरा कागद धरून उभी होती.

"बाबा, लिहिलंय तसंच वाचू?"

"नको! सगळं उलटं झालंय. जिथे जिथे बगळे आहेत तिथे अस्वलं म्हण, आणि अस्वलं आहेत तिथे बगळे."

वीस वर्षं मी पोटासाठी हेच करतोय. ऐन वेळी फाइंड अँड रिप्लेस, आणि टेस्टिंग न करता लाइव्ह! इरा खणखणीत आवाजात वाचायला लागली. अस्वलांची स्तुती झाली. अस्वलांनी टाळ्या वाजवल्या. बगळ्यांमधला जळणारा कोण, न जळणारा कोण, हे झालं. आणि इरा शेवटच्या परिच्छेदावर पोचली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की छापलेल्या लेखात निदान शत्रूचा अपमान होता. दुरुस्तीनंतर तो आमच्याच गोलकीपरचा झाला होता!

"इरा, थांब—"

"...बगळ्यांचा गोलकीपर म्हणजे सोदाई-गोमी!"

गोलमधून ते कपाट हळूहळू घसरत आमच्यापर्यंत आलं. कुंपणाशी थांबलं. हातमोज्यानं तोंडावरची जाळी वर केली. आत, त्या सगळ्या गाद्यांच्या मध्यभागी, ओगावा-सानचा लहानसा चेहरा होता.

‘मी जरा कामात असेन’ म्हणजे हे काम!

मी कमरेत वाकलो. इतका वाकलो, की पिशवीतल्या बाटल्या सांडून बर्फावर गेल्या.

"जोशी-सान," ते अतिशय हळू म्हणाले, "थोडं अवघड आहे."

आणि जाळी खाली करून निघून गेले. मुग्धानं बसल्या जागी मोबाइल काढला. ती पुण्यातल्या शाळांची ॲडमिशन कधी सुरू होते ते बघत होती.

सामना सुरू झाला. दुसऱ्याच मिनिटाला अस्वलांनी चकती हाणली, ती साहेबांच्या पोटावर आपटून परत आली. मागच्या रांगेतून कुणीतरी खट्याळ ओरडलं, "सोदाई!" दुसऱ्या बाजूनं उत्तर आलं, "गोमी!" मग काय! प्रत्येक अडवलेल्या फटक्याला अख्खं रिंक दोन भागांत ओरडायला लागलं. साहेबांनी नमस्कार-बिमस्कार सोडून दिला. ते गोलच्या मधोमध बसले ते बसलेच. अस्वलांनी डावीकडून मारलं, उजवीकडून मारलं, दोघांनी मिळून साहेबांनाच ढकलून बघितलं. एकदा तर चकती त्यांच्या गाद्यांत कुठे गेली ते कुणालाच सापडेना, पंच वाकून वाकून शोधत होते! शेवटच्या मिनिटाला आमचा न जळणारा घसरून पडला, त्याच्या बुटाला लागून चकती अस्वलांच्या गोलमध्ये गेली, आणि बगळे एक-शून्यनं जिंकले. आप्पा बाकावर चढून "सोदाई" ओरडत होते. पंचाहत्तराव्या वर्षी!

सोमवारी मी सुटाबुटात, राजीनाम्याची वाक्यं पाठ करून ऑफिसात गेलो. साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझा लेख, सगळीकडे लाल पेन्सिलीच्या खुणा.

"जोशी-सान, यात एक चूक आहे."

"एकच?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही लिहिलंय, मला उठवायला दोन माणसं लागतात. तीन लागतात. तिसरा मागून ढकलतो."

त्यांनी कॉन्ट्रॅक्टवर सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "पुढच्या सीझनपासून तुम्ही संघात या. मात्र लिहू नका."

अशा रीतीनं मी आइस हॉकीच्या संघात आहे. बर्फावर नाही, बाकापाशी. खेळाडू आत-बाहेर करतात तेव्हा कुंपणातलं लहान दार उघडायचं आणि लावायचं, हे माझं काम. पहिल्याच सामन्यात मी उत्साहाच्या भरात त्या दारावर रेलून उभा राहिलो. कडी लावायची राहिली होती. दार उघडलं, आणि मी पोटावर घसरत रिंकच्या मध्यापर्यंत गेलो. शिट्टी वाजली. बर्फावर एक खेळाडू जास्त झाला म्हणून आमच्या संघाला दोन मिनिटांची शिक्षा झाली. सगळा संघ माझ्याकडे खाऊ की गिळू असा बघत होता. मी मात्र तिथेच आडवा पडून, भरल्या डोळ्यांनी पंचांकडे बघत होतो. शिक्षा जाऊ द्या हो, त्या भल्या माणसानं मला खेळाडू म्हणून मोजलं!